हरवलेला आकडा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आमच्या माळ्यावरून दोन वस्तू न चुकता खाली येतात. एक, मोडक्या काड्यांचा आकाशकंदील, जो ‘पुढच्या वर्षी नीट करू’ असे म्हणून पुन्हा वर जातो. आणि दुसरी, निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. कंदिलाबद्दल कोणी काही बोलत नाही. वहीवर मात्र सौभाग्यवतीचा कायमचा डोळा आहे. “रद्दीवाला खालीच उभा आहे हं,” असे ती दरवर्षी सुचवते, आणि दरवर्षी मी ती वही तिच्या हातून काढून घेतो.

यंदा ती वही आमच्या नातीने उघडली. पहिल्या पानावर तीनपासून सातपर्यंत आकडे, प्रत्येकापुढे एकेक शब्द, आणि सातच्या पुढचा एक शब्द तांबड्या शाईने खोडलेला. “आजोबा, हा कसला पाढा?” तिने विचारले. मी म्हटले, “पाढा नाही बेटा, पावती आहे. फार महाग पडलेल्या धड्याची.” तिला काही ते कळले नाही, ती चकली उचलून पळाली. पण तिला जे सांगायचे राहिले ते वाचकांना सांगावे असे वाटले.

पेढीवर संगणक आला

गोष्ट १९९१ सालची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि पुण्यात एका लहानशा कंपनीत नोकरीला होतो. व्यापाऱ्यांना संगणक बसवून द्यायचा आणि त्यावर त्यांचे हिशेब चालू करून द्यायचे, हा आमचा धंदा. त्या वर्षी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील भुसार मालाच्या एका जुन्या पेढीचे काम माझ्याकडे आले.

शेठजींची अट एकच होती. वहीपूजनाच्या आत सारे सुरळीत झाले पाहिजे. आयकरासाठी हिशेबाचे वर्ष १९८९ पासून सर्वांचेच मार्चअखेर संपू लागले होते. पण कायदा बदलला म्हणून पेढीची रीत थोडीच बदलते! लक्ष्मीपूजनाला वह्या पुजायच्या, आणि त्याआधी गावोगावच्या व्यापाऱ्यांशी येणे-देणे जुळवून घ्यायचे, हा तिथला तीन पिढ्यांचा शिरस्ता होता.

पेढीचे दिवाणजी साठी उलटलेले. काळी टोपी, स्वच्छ धोतर, कानावर पेन्सिल. चाळीस वर्षे त्यांनी त्याच गादीवर बसून खतावणी लिहिली होती. संगणक येणार म्हटल्यावर हे गृहस्थ आडवे येणार, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली होती. पण झाले उलटेच. बेरजेच्या यंत्रावर वर्षानुवर्षे हात चाललेला असल्यामुळे आठवड्याभरात त्यांची बोटे कळफलकावर अशी फिरू लागली की तरुण कारकुनांनी पाहत राहावे. डाव्या हाताचे बोट चिठ्ठीवर, नजरही चिठ्ठीवर, आणि उजवा हात आकड्यांवर. पडद्याकडे ते पाहतच नसत. इतर मंडळी सहाला घरी जात. दिवाणजी मात्र सायंकाळी उशिरा आलेल्या चिठ्ठ्या चढवूनच उठत. तिकडे दिवसभराच्या याद्या प्रिंटरवर खडखडत असत आणि इकडे त्यांचे काम चाले.

संगणक एकच होता, ३८६ जातीचा. त्यात आठ तोंडांचे एक कार्ड बसवून सहा तोंडांना लांबच लांब तारा जोडल्या होत्या, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला एक टर्मिनल. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. अक्कल सारी मधल्या संगणकात. सहा माणसांसाठी सहा संगणक घेण्यापेक्षा हा एका चुलीवरचा स्वयंपाक पुष्कळ स्वस्त पडे. पण त्यासाठी संगणकात युनिक्स असावे लागे.

युनिक्स ही कार्यप्रणाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली तिचा पाया घातला. अनेकांनी एकाच यंत्रावर एका वेळी काम करावे, हा तिचा पिंडच. उलट आयबीएमचा पीसी १९८१ साली बाजारात आला तो एका माणसाने एका वेळी एक काम करावे अशा बेताने, आणि त्यावरचे डॉसही तसेच. या दोन भिन्न प्रकृतींचे लग्न जमवणाऱ्यांत सांताक्रूझ ऑपरेशन नावाची कंपनी पुढे होती. हे सांताक्रूझ आपल्या लोकलच्या वाटेवरचे नव्हे, कॅलिफोर्नियातले. त्यांनी १९८३ साली झेनिक्स या नावाचे युनिक्स पीसीवर आणले आणि १९८९ साली खास ३८६ साठी नवे युनिक्स काढले. आम्ही वापरीत होतो ते हेच. लग्न झाले खरे. पण दोन्हीकडचे मानपान सांभाळताना मधल्या माणसाच्या तोंडाला फेस येतो. तो मधला माणूस म्हणजे आम्ही.

एक घंटा, दोन पाहुणे

संगणकात बसवलेल्या प्रत्येक कार्डाला मुख्य प्रोसेसरला हाक मारण्यासाठी एक तार लागे. तिला इंटरप्ट म्हणत. आपण तिला दारावरची घंटा म्हणू. पहिल्या पीसीत अशा आठ घंटा होत्या. १९८४ च्या एटी या सुधारलेल्या यंत्रात आणखी आठ आल्या. पण नव्या आठ जुन्यांना जोडण्यातच एक खर्ची पडली, म्हणून हाती उरल्या पंधरा. पंधरा हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण घड्याळ, कळफलक, डिस्क ही घरचीच मंडळी त्यातल्या कितीतरी अडवून बसलेली. शिवाय आमच्या आठ तोंडांच्या कार्डावर सातपर्यंतच्याच घंटांची सोय होती. तीन आणि चार या संगणकाच्या स्वतःच्या दोन सिरियल तोंडांकडे, पाच टेपकडे, सहा फ्लॉपीकडे आणि सात प्रिंटरकडे. पाटी कोरी नव्हतीच.

घंटेचा नंबर निवडायचा तो कार्डावरच्या बारीक काड्यांवर एक चिमुकली टोपी बसवून. तिला जम्पर म्हणतात. आमच्या कार्डासोबत माहितीपुस्तिका आली नव्हती. टोपी सातवर होती, ती तशीच राहिली. कार्डासोबत डॉसवर चालणारी चाचणीची एक फ्लॉपी मात्र होती. ती चालवली. आठही तोंडे उत्तम! प्रिंटर लावून पाहिला, तोही उत्तम!

इथेच मी फसलो. डॉस छापताना प्रिंटरची घंटा वापरतच नसे. एक अक्षर द्यायचे आणि ‘झाले का, झाले का’ विचारीत दारात उभे राहायचे, ही डॉसची रीत. त्याला दुसरे काम तरी काय होते? युनिक्सला सहा जणांचा संसार सांभाळायचा. ते प्रिंटरला म्हणे, ‘हे घे अक्षर, आणि संपले की घंटा वाजव, मी तोवर दुसरीकडे पाहतो.’ म्हणजे डॉसवर चाललेले कार्ड निर्दोष, असे म्हणण्यात अर्थ नव्हता. जी तार डॉसने कधी हातातच घेतली नाही, तिची परीक्षा झालीच कुठे?

युनिक्समध्ये नवे कार्ड आले की त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड कसे चालवायचे हे जाणणारा प्रोग्राम, प्रणालीच्या गाभ्यात जोडावा लागे. कोणत्या कार्डाला कितवी घंटा, कोणता पत्ता, हे एका फायलीत लिहायचे आणि नवा गाभा तयार करायची आज्ञा द्यायची. मी ती दिली. रात्रीचे साडेआठ झाले होते. पडद्यावर तक्रार उमटली. सात नंबरची घंटा आधीच प्रिंटरला दिलेली आहे!

वाचकहो, यंत्राने मला स्पष्ट शब्दांत सांगितले होते. पण त्याच फायलीत एक आकडा असा असे, की तो बदलला म्हणजे ‘ही घंटा दोघांत वाटून घेतली तरी चालेल’ असा अर्थ व्हावा. शेठजी किल्ल्यांचा जुडगा वाजवीत दारात उभे होते. सकाळपासून मी उपाशी होतो. मी तो आकडा दोन्ही ठिकाणी बदलला. तक्रार बंद झाली. गाभा तयार झाला, सहाही पडद्यांवर हिरवी अक्षरे उमटली, आणि शेठजींनी दिलेला पेढा तोंडात टाकून मी घरी गेलो.

नवाचा भागाकार

तीन आठवड्यांनी शेठजींचा निरोप आला, “ताबडतोब या.”

गावोगावच्या व्यापाऱ्यांकडून पत्रे येऊ लागली होती. एकाने बारा हजार पाचशे भरले, त्याच्या खात्यावर जमा बाराशे पन्नास. दुसऱ्याचे आठ हजार चाळीस, खात्यावर आठशे चाळीस. तेरीज मात्र दर वेळी जुळे. कारण एकदा टाइप झालेली रक्कमच आमचा प्रोग्राम जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना टाकी. चूक दोन्हीकडे सारखीच असली तर ताळा बिघडणार कसा? बाकी सर्व कारकुनांच्या नोंदी बरोबर होत्या. चुकलेल्या साऱ्या दिवाणजींच्या.

“यंत्रात काही दोष असेल का?” शेठजींनी सर्वांसमक्ष विचारले.

मी चाचणीची फ्लॉपी काढली, संगणक डॉसवर सुरू केला, तपासणी केली. सारे उत्तम. “यंत्र चुकत नाही, शेठजी,” मी म्हणालो. हे वाक्य आजही मला झोपेतून जागे करते.

धाकटे शेठ म्हणाले, “मी म्हणतच होतो. दिवाणजींची नजर आता गेली. पाडव्यापासून त्यांना विश्रांती द्यावी.” दिवाणजी काही बोलले नाहीत. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, बैठ्या मेजावर ठेवली आणि ते हात धुवायला म्हणून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी तारा तपासायला म्हणून गेलो, तो दिवाणजी दारातच माझी वाट पाहत उभे. हातात एक कागद.

“साहेब, तुमचे यंत्र चुकत नाही हे मी मान्य करतो. पण एवढे एक पाहा. आमच्यात जुना नियम आहे. फरकाला नवाने भाग गेला, की आकडे उलटसुलट झाले असतील नाहीतर पूज्य गळले असेल. बारा हजार पाचशेचे बाराशे पन्नास. फरक अकरा हजार दोनशे पन्नास. नवाने भाग जातो. आठ हजार चाळीसचाही जातो. इथवर चूक माझी म्हणा. आता पुढचे घ्या.”

कागदावर चार रकमा होत्या. ३६१५ च्या ३६५ झालेल्या. फरक ३२५०, नवाने भागून बाकी उरते १. ४३७० च्या ४७०. फरक ३९००, बाकी ३. ७२६५ च्या ७२६. फरक ६५३९, बाकी ५. २१८० च्या २१०. फरक १९७०, बाकी ८.

“गळालेले आकडे पाहा,” दिवाणजी म्हणाले. “एक, तीन, पाच, आठ. जी बाकी उरते तोच आकडा हरवलेला. म्हणजे दर वेळी एकच आकडा नाहीसा होतो, बाकीचे जागच्या जागी. अहो, माणूस चुकतो तेव्हा सहाचा नऊ वाचतो, वरची ओळ खाली घेतो, आकडे उलटे मारतो. चाळीस वर्षांत या सगळ्या चुका मी केल्या आहेत. पण सहाच्या सहा वेळा नुसता एक आकडा गळावा आणि दुसरी कसलीच चूक होऊ नये? हा माणसाचा हात नव्हे, साहेब.”

मी तो कागद घेऊन बराच वेळ बसलो. गणित मीही शिकलो होतो; पण तपासणी कशी करावी हे त्या माणसाला माझ्यापेक्षा अधिक कळत होते. मी फक्त यंत्राला विचारीत होतो, ‘तू बरा आहेस का?’ त्यांनी चुकांनाच विचारले होते, ‘तुमची जात कोणती?’

सातवी घंटा

आधी मी तारा बदलल्या. मग टर्मिनल बदलले. अक्षरे पाठवण्याचा वेग ९६०० वरून १२०० वर आणला. काही उपयोग झाला नाही. मग दिवाणजींच्याच वाटेने जायचे ठरवले. प्रत्येक नोंदीची वेळ प्रोग्रामने टिपलेली होती, आणि छपाई कधी सुरू झाली याची टाचण युनिक्स ठेवीत असे. दोन्ही यादी शेजारी ठेवल्या. सहाही चुका छपाई सुरू झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आतल्या!

मी दिवाणजींच्या जागी बसलो, एक लांबलचक यादी छापायला लावली आणि पडद्याकडे न पाहता एकापासून नऊपर्यंत आणि शेवटी पूज्य, अशी ओळ भराभर शंभर वेळा मारली. चार ओळी तोकड्या निघाल्या. प्रिंटर बंद करून पुन्हा शंभर ओळी मारल्या. एकही नाही.

मग सारे चित्र लख्ख झाले. प्रिंटरचे कार्ड, त्याची घंटा वापरली जात नसेल तोवर, तारेवरून हात काढून बसते. युनिक्सने छपाई सुरू केली की ते तार हातात घेते, आणि स्वतःला हाक मारायची नसेल तेव्हा ती खाली ओढून धरते. त्याच क्षणी टर्मिनलांचे कार्ड ती वर ओढू पाहत असते. देवळातल्या घंटेची दोरी एकाने ओढावी आणि दुसऱ्याने लोलक मुठीत धरून ठेवावा, तशातली गत. मग बहुतेक आकडे पोचत कसे होते? तर प्रिंटरची स्वतःची घंटा वाजली की, तार वाटून दिलेली असल्यामुळे, युनिक्स दोघांचीही विचारपूस करी आणि अडलेला आकडा उचलून नेई. पण प्रिंटर कागद सरकवण्यात गुंतला, घंटा क्षणभर थांबली, आणि नेमके त्याच फटीत दिवाणजींच्या बोटांखालून दोन आकडे गेले, की संपले! कार्डावरच्या चिपमध्ये एकाच अक्षराची जागा. दुसरे येताच पहिले पुसले जाई. टर्मिनलवर दिसणारे अक्षरही संगणकाकडे जाऊन परत आलेले असे, त्यामुळे हरवलेला आकडा पडद्यावरही उमटत नसे. हळू टाइप करणाऱ्या, पडद्याकडे पाहणाऱ्या आणि सहाला घरी जाणाऱ्या माणसाला हा रोग कधीच दिसला नसता. जो सर्वांत कुशल आणि सर्वांत उशिरापर्यंत बसणारा, त्याच्याच माथी तो आला.

उपाय पंधरा मिनिटांचा निघाला. संगणकाच्या दुसऱ्या सिरियल तोंडाला काहीच जोडलेले नव्हते. तरी ते रिकाम्या खोलीला कुलूप घालावे तसे तीन नंबरची घंटा अडवून बसले होते. ते तोंड बंद केले, कार्डावरची टोपी सातवरून तीनवर नेली, फायलीतले आकडे मूळच्यासारखे केले आणि गाभा पुन्हा जोडला. या वेळी तक्रार आली नाही. प्रिंटर चालू ठेवून पाचशे ओळी मारल्या. एकही आकडा गळला नाही.

तांबडी शाई

मग उरले ते सर्वांत कठीण काम. शेठजी, धाकटे शेठ आणि दिवाणजी यांच्यासमोर मी सांगितले, “चूक दिवाणजींची नव्हती आणि यंत्राचीही नव्हती. यंत्राने मला पहिल्याच रात्री सांगितले होते. मी त्याचे तोंड बंद केले.” शेठजी पुष्कळ वेळ गप्प राहिले. नोकरी गेलीच असे मी धरून चाललो होतो.

धाकटे शेठ उठले आणि दिवाणजींच्या पाया पडले. दिवाणजींनी त्यांना उठवले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “फायलीतला तो आकडा तुम्ही बदललात, तो कुठे लिहून ठेवला होता का?”

“नाही.”

“तिथेच चुकलात. हातून चूक होतेच. पण वहीत खाडाखोड करायची नाही. चुकीवर तांबड्या शाईची एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी सही करायची. म्हणजे पुढच्याला कळते, इथे काय झाले होते.”

त्या संध्याकाळी मी यार्डाबाहेरच्या दुकानातून ही निळी वही घेतली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पेढीवर खतावण्यांच्या शेजारी संगणकालाही हळदकुंकू लागले. दिवाणजींनी माझीही वही पाटावर ठेवून घेतली आणि पाडव्यापासून ते पुन्हा आपल्या जागेवर बसले. पुढे कितीतरी ठिकाणी मी यंत्रे बसवली. प्रत्येकाचे कार्ड, घंटा आणि पत्ता या वहीत आहे, आणि जिथे हात चुकला तिथे तांबडी रेघही आहे.

आता हा सारा खटाटोप इतिहासजमा झाला. १९९२ साली आलेल्या पीसीआय जोडणीत एक घंटा दोघांनी वाटून घेण्याची सोय मुळातच होती. पुढच्याच वर्षी ‘प्लग अँड प्ले’ची योजना निघाली, कार्डे आपली ओळख आपणच सांगू लागली आणि हळूहळू त्या चिमुकल्या टोप्या नाहीशा झाल्या. पुढे कळले की, मी गुलटेकडीला सातव्या घंटेशी झगडत होतो त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ३८६ साठी आपण युनिक्ससारखी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले होते. ती फक्त त्याच्याजवळ होती तसल्याच डिस्कवर चालेल, असे त्याने प्रांजळपणे सांगून टाकले होते. मग जगभरच्या लोकांनी आपापल्या घरातल्या कार्डांचे ड्रायव्हर लिहून तीत घातले, आणि ते लिनक्स आज अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात बसून आपल्या खिशात फिरते आहे.

दिवाणजी आता नाहीत. पहिल्या पानावर सातच्या पुढे ‘टर्मिनले’ हा शब्द आहे, त्यावर तांबडी रेघ आहे, आणि शेजारी माझी सही. सहीखाली आणखी एक बारीक सही आहे, मोडीतली. तपासणाऱ्याची सही असावी लागते, असे ते म्हणाले होते.

वही यंदाही माळ्यावर जाणार आहे. रद्दीवाल्याने कंदील न्यावा.